आजीशी गप्पा मारायला फी कशाला?

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या गावठाणातलं एक आगरी कुटुंब ठाण्यात नौपाड्यात माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलगी बारावी सायन्स, 84 टक्के. तिला लिबरल आर्ट्स कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र घ्यायचं होतं. बाबा म्हणाले, "मॅडम, मेडिकल केलं की डॉक्टर होतो. हे शिकून माणूस होतो कोण?"

दर जूनमध्ये हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. नुसत्या बीएवर सुरुवातीचा पगार बेताचाच. एमए धरूनच चालावं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत दोन्हींपैकी एक विषय 500 गुणांसाठी घेता येतो, पण त्या एका आशेवर कॉलेज निवडू नये. आईला बायोलॉजी वाया जाण्याची हळहळ होती. ती मात्र सोडून द्यायला सांगितली, कारण मानवशास्त्रात उत्क्रांती आणि आनुवंशिकताही येते.

मग मुलीने दोनशे पानी वही काढली. पट्टीने आखलेले रकाने: घर, आधीचं काम, आताचं काम. आधी भातशेती, मिठागर, खाडीतली मासेमारी. आता रूमचं भाडं, रिक्षा, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. समासात आजीचे शब्द लाल पेनाने, जसेच्या तसे.

बाबा हसले. "आजीशी गप्पा मारायला फी कशाला भरायची?"

मी वही चाळली. चौदा घरं, सगळी एकाच आळीतली.

"ही सगळी तुमची भावकीच ना?"

"हो."

"वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना विचारलंस? गाव सोडून गेलेल्यांना?"

ती गप्प झाली. मी बाबांना म्हटलं, फी याची असते. कोण विचारायचं राहिलं, ते शोधायला शिकवतात. कामं यातूनच मिळतात: संस्थांची सर्वेक्षणं, कंपन्यांचं ग्राहक-संशोधन. 2013च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो (काही प्रकल्पांना सूट मिळते, ते वेगळं). त्यासाठी घरोघर फिरून लिहिणारी माणसं लागतात.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आमची जमीन सिडकोला गेली तेव्हा कोण आलं होतं विचारायला?" मग 1984च्या जानेवारीवर आले. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, गोळीबार, पाच शेतकरी गेले. "आमचे बाबा होते त्या मोर्चात."

"आजोबा? मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

तिने पेनाचं टोपण काढलं. पुढची दहा मिनिटं माझं काही कामच नव्हतं.

राहता राहिली फी. त्यांनी आणलेल्या खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात वर्षाचा आकडा लाखांत होता आणि बाबा कर्ज काढायला तयार होते. मी स्पष्ट नको म्हटलं. या पदवीसाठी मोठं कर्ज मला पटत नाही. पहिल्या पगारात हप्ता झेपत नाही. त्यापेक्षा क्षेत्रकार्य प्रत्यक्ष करून घेतात का, संख्याशास्त्र शिकवतात का आणि प्राध्यापक स्वतः फिल्डवर जातात का, एवढं कॉलेजात जाऊन विचारा. शक्य तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच गाठा, ती खरं सांगतात.

तिने मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला. वहीत भाडेकरूंची नऊ घरं झाली, हे मध्यंतरी बाबांनीच फोन करून सांगितलं.