वाचकांचे प्रश्न : पाण्याने लिहिलेली अक्षरं

मागच्या अंकात मी माझ्या बीजिंगमधल्या पाच वर्षांबद्दल लिहिलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेले होते. देवनागरी सुलेखन हा माझा स्वतःचा व्यवसाय. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवलं : एक चिनी आजोबा बागेत झाडूएवढ्या लांब कुंचल्याने, नुसत्या पाण्याने फरशीवर लिहीत होते. पाच-दहा मिनिटांत सगळं वाळून जाणार. मग इतकी मेहनत कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

त्याला ‘दीशू’ म्हणतात. दी म्हणजे जमीन, शू म्हणजे लेखन. बीजिंगच्या बागांमध्ये हे १९९०च्या दशकात रुजलं, आता चीनच्या बहुतेक शहरांत दिसतं. कुंचला बरेच जण घरीच बनवतात. माझ्या ओळखीच्या आजोबांचा कुंचला म्हणजे प्लास्टिकची नळी आणि तिच्या टोकाला घट्ट बांधलेला स्पंज. तो कात्रीने कापून कापून त्यांनी त्याला कमळाच्या कळीसारखा आकार दिला होता. शेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी. झालं सामान.

ते रोज सकाळी सातच्या सुमारास बीजिंगमधल्या स्वर्गमंदिर या जुन्या देवळाभोवतीच्या बागेत यायचे. ओळ वरून खाली लिहायची असते, म्हणून अक्षरावर पाय पडू नये यासाठी एकेक पाऊल मागे सरकत लिहायचे. बहुतेक वेळा थांग या जुन्या राजवटीच्या काळातली एखादी कविता, पाठ असलेली. शेवटची ओळ येईपर्यंत पहिली उडून गेलेली असायची. भोवती चार-पाच माणसं हात मागे बांधून उभी असायची, आणि ती नुसती बघी नसायची. ‘या फटकाऱ्याला हात अडखळला’, ‘हे अक्षर डावीकडे कललंय’ असं सरळ तोंडावर सांगायची. एखादा कुंचला मागून घेऊन तेच अक्षर शेजारी काढून दाखवायचा.

तुमच्या ‘कशासाठी’चं उत्तर मला तिथे मिळालं. चिनी अक्षर वाचणाऱ्याला त्यात हाताची हालचाल दिसते : कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे उचलला. लिहिणं हे त्यांच्यासाठी गाण्याच्या जवळचं आहे. गवयाचा पहाटेचा रियाज कुणी जपून ठेवत नाही, आणि तो वाया गेला असंही कुणी म्हणत नाही. शिवाय साधी कारणंही आहेत. कागद आणि शाई लागत नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं अंग हलतं. आणि तिथे अगदी अलीकडेपर्यंत पुरुष ६०व्या आणि नोकरदार बायका ५० किंवा ५५व्या वर्षी निवृत्त होत, त्यामुळे धडधाकट माणसांच्या हाताशी अख्खी सकाळ मोकळी असते.

एकदा त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला. मी देवनागरीत ‘पाणी’ लिहिलं. ते हवेत बोट फिरवून माझा प्रत्येक फटकारा गिरवत होते. शेवटी मी शिरोरेषा ओढली आणि त्यांनी मला थांबवलंच. वरची रेघ सगळ्यांत शेवटी? त्यांच्याकडे साधारण नियम असा, की वरचं आधी, खालचं मागून. डावं आधी, उजवं मागून. मी सांगितलं, अख्खा शब्द झाल्यावर त्याला एका रेघेत बांधायचा, असं आम्हाला शाळेत शिकवतात. त्यांनी डब्यात कुंचला बुडवला आणि तीनदा ‘पाणी’ लिहून काढलं. तिसऱ्या वेळी वेलांटीचं वळण माझ्यापेक्षा सुरेख आलं होतं. तीस वर्षं मी वेलांटी काढते आहे, पण खांद्यातून काढलेली वेलांटी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

छतापासून लोंबणाऱ्या चिनी मजकुराच्या लांबच लांब पट्ट्यांचा एक फोटो पाहिला. माझ्या चिनी सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मलाही एक अक्षर वाचता येत नाही.’ हे काय प्रकरण आहे? (एक वाचक, ठाणे)

तुमचा सहकारी खरं सांगतो आहे. ते काम शू बिंग या चित्रकाराचं, नाव ‘थिएन शू’, म्हणजे आकाशातून आलेला ग्रंथ. चिनीत अगम्य मजकुरालाही ‘थिएन शू’च म्हणतात. शू बिंग यांनी सुमारे ४००० अक्षरं स्वतःच्या मनाने रचली, लाकडी ठशांवर उलटी कोरली आणि जुन्या पोथ्यांच्या पद्धतीने त्यांची पुस्तकं छापली. १९८८मध्ये बीजिंगला हे काम पहिल्यांदा मांडलं गेलं, पुरं व्हायला १९९१ उजाडलं. प्रत्येक अक्षराचे घटक खऱ्या लिपीतले, मांडणी अचूक, आणि अर्थ शून्य.

काही जण याला चेष्टा म्हणतात. मला ते पटत नाही. चेष्टेसाठी कुणी चार वर्षं लाकूड कोरत बसत नाही. शू बिंग यांचा जन्म १९५५चा. त्यांची पिढी अक्षरं शिकत होती त्याच काळात सरकार लिपी सोपी करत होतं. गिरवलेलं अक्षर बदलून पुन्हा नव्याने शिकायचं. त्यात माओच्या सांस्कृतिक क्रांतीची उलथापालथीची वर्षं, भिंतीभिंतींवर घोषणा. अक्षरावरचा विश्वास डळमळलेला आणि अक्षरावरचं प्रेम मात्र शाबूत, अशा माणसाच्या हातूनच हे होऊ शकतं.

पुढे १९९४पासून त्यांनी उलट वाट धरली : इंग्रजी शब्दातली अक्षरं एका चौकटीत अशी रचायची, की दुरून ते चिनी अक्षर वाटावं आणि जवळ गेल्यावर वाचता यावं. प्रदर्शनात चक्क वर्ग थाटला, बाकं, कुंचले, गिरवायच्या वह्या. मराठी माणसाला हे चटकन कळेल, कारण आपण ‘र्त्स्न्य’सारखं जोडाक्षर एकमेकांवर रचून लिहितच आलो आहोत.

मुलाचं नाव चिनी अक्षरांत हातावर गोंदवायचं आहे. लिहून द्याल का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही देत, रागावू नका. चिनीत आपल्यासारखी वर्णमाला नाही. एकाच उच्चाराची कितीतरी अक्षरं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. नाव लिहायचं म्हणजे ते निवडायचं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घ्या. १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धात जखमींवर उपचार करत असताना ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये ते ‘ख ती ह्वा’ म्हणून ओळखले जातात. ‘ह्वा’ म्हणजे चीन; पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ते अक्षर घेतलं. त्यांच्या मुलाचं नाव ‘यिन ह्वा’ : यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. दोन अक्षरांत आई आणि बाप. तुमच्या मुलाच्या नावासाठी असा विचार करणारं चिनी माणूस भेटेपर्यंत थांबा. गोंदलेलं पाण्यासारखं उडून जात नाही.

चिनी संगीतात आपल्या रागांसारखं काही आहे का? ते लिहून ठेवतात का? (एक वाचक, मिरज)

पाच स्वरांच्या कितीतरी धुना ऐकताना तुम्हाला भूप आठवेल, स्वर तेच आहेत. पण लिहिण्याबद्दल विचारलंत म्हणून छिनबद्दल सांगते. सात तारांचं, पाटावर आडवं ठेवून वाजवायचं हे वाद्य. त्याची लिपी विलक्षण आहे. कागदावर स्वर नसतोच. एकेका जोडअक्षरात एवढंच असतं, की उजव्या हाताच्या कोणत्या बोटाने कोणती तार आत की बाहेर छेडायची, आणि डाव्या हाताचं कोणतं बोट तेरा खुणांपैकी कुठे टेकवायचं. लय लिहिलेली नसते. जुनी रचना हातात घेतलेला वादक महिनोन्‌महिने बसून ती लय शोधतो. कुआन फिंगहू यांनी वाजवलेली ‘वाहतं पाणी’ ही रचना १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवर अंतराळात गेली, केसरबाई केरकरांच्या भैरवीसोबत. मिरजेत तंतुवाद्यं घडवणारे हात आहेत. त्यांनी ती एकदा तरी ऐकावी, रात्री, दिवे मालवून.

सुलेखन शिकायचं आहे, चिनी येत नाही. सुरुवात कशी करू? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

पाण्यानेच कर. चीनमध्ये सरावासाठी एक करडं कापड मिळतं; ओल्या कुंचल्याने लिहिलं की काळं उमटतं, वाळलं की कोरं. ते नसेल तर शहाबादी फरशी उत्तम. कुंचला उभा धर, मनगट टेकवू नकोस. पहिला आठवडा फक्त आडवी रेघ : टेकव, थोडं थांब, ओढ, शेवटी किंचित मागे वळून उचल. दुसऱ्या आठवड्यात उभी. मग ‘ग’ काढ. फरशी वाळेपर्यंत अक्षराकडे बघत बस. कडा आधी वाळतात, आणि दाब कुठे जास्त पडला तिथली ओल शेवटी जाते.