सूतभर म्हणजे नेमकं किती?

प्रश्न असा होता की नागपुरात गांधीबागेकडच्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यात मिस्त्री मशीन लावताना पोराला सांगतो, "हूक सूतभर सुईकडे घे", तर हे सूत दोऱ्याचं की मापाचं? (हूक म्हणजे सुईखाली फिरून दोरा पकडणारा टोकदार भाग.)

मूळ शब्द एकच, संस्कृत सूत्र. त्याचं झालं सूत, म्हणजे दोरा. गवंडी आणि सुतार सरळ रेषेसाठी दोरी ताणतात तेही सूत, आणि सुतार हा शब्दच मुळात सूत्रधार वरून आलाय. सुतासारखा सरळ म्हणतो त्यात तीच ताणलेली दोरी आहे. पुढे सूत हे पट्टीवरचं माप झालं, इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिमीच्या किंचित वर. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात तीन सुताचा बोल्ट मागा, तो ३/८ इंचाचा बोल्ट काढून देईल, काही समजावून सांगावं लागत नाही.

आता हे माप हुकाला लावून बघा. हुकाचं टोक सुईच्या मागच्या खाचेजवळून जातं तिथे दोघांमध्ये गॅप ठेवायचा असतो बहुतेक मशीनना ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, यावरून अंदाज येईल. ७५/११ नंबरची सुई पाऊण मिलिमीटर जाड, तशा चार सुया शेजारीशेजारी ठेवल्या तरी एका सुतात मावतात! म्हणजे हूक खरंच एक सूत सरकवला तर एकतर टाकाच पकडणार नाही, नाहीतर सुईला धडकून टोक जाईल. तेव्हा मिस्त्री माप सांगत नाहीये, तो अगदी किंचित म्हणतोय, आणि हात त्याचा बरोबरच चालतो कारण तो स्क्रू सैल करून हळूहळू सरकवतो, हाताने शाफ्ट फिरवून बघतो आणि मग घट्ट करतो.

खूण मला वाटते ती अशी, आकडा आधी आला की माप (अर्धा सूत, दोन सूत), भर लागला की बहुतेक वेळा किंचित. तसूभर शब्दाचंही हेच झालंय. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, इंचापेक्षा मोठाच, पण "तसूभरही हलला नाही" म्हणताना कोणाच्या डोक्यात इंच नसतो. उलट वीतभर, हातभर मध्ये माप अजून जिवंत आहे, म्हणून भर वरून सरसकट नियम काढता येत नाही हे पण खरं.

मला सूतभर शब्द फार आवडतो आणि तो कारखान्यात बोलला जावाच, त्याला काढून तिथे पुस्तकी शब्द बसवायची काहीच गरज नाही. पण नवीन पोरांसाठी भिंतीवर सेटिंग लिहून लावणार असाल तर तिथे मिमी लिहा आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी) घालून बघायला सांगा, कारण ज्यानं आधी फॅब्रिकेशनच्या दुकानात काम केलंय तो सूत वाचला की पट्टीच काढणार. फ्रेमची पट्टी, टेबलाचे बोल्ट यांना सूत लिहिलं तरी चालेल, तिथे ते खरंच माप आहे.