वाचकांचे प्रश्न : जाडजूड कादंबरी संपवायची कशी?

प्रश्न (महाल, नागपूर) : एम.ए.ला व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्या आहेत. शंभर-दीडशे पानांवर वाचन अडतं. इतक्या लांबलचक का लिहीत, आणि त्या वाचून संपवायच्या कशा?

उत्तर : यातल्या बऱ्याच कादंबऱ्या सलग वाचण्यासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. डिकन्सची 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ दरमहा निघत होती : ३२ पानांचा अंक, किंमत एक शिलिंग, शेवटचा जोडअंक. पात्रांची पुन्हा पुन्हा करून दिलेली ओळख आज पाल्हाळ वाटते, पण महिन्याभराने अंक उघडणाऱ्याला ती हवीच होती. चांगल्या सटीप आवृत्तीत हप्त्यांची यादी असते. त्यावरून पेन्सिलीने खुणा करा, एका बैठकीत एकच हप्ता वाचा, नवं पात्र आलं की समासात नाव लिहा. संक्षिप्त आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका.

तीन खंडांच्या कादंबऱ्यांचं दुखणं वेगळं. संच साडेएकतीस शिलिंगांचा, विकत घेणार कोण? म्युडीच्या, म्हणजे वर्गणी घेऊन पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयात वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरले की एका वेळी एक खंड मिळे. तीन खंड असले की एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरी जाई. त्यामुळे मजकूर असो-नसो, लेखकाला तीन खंड भरावे लागत, आणि ताण बहुधा दुसऱ्या खंडात दिसतो. १८९४ मध्ये मोठ्या ग्रंथालयांनीच चढा भाव नाकारला आणि ही पद्धत लवकरच मोडली.

सुरुवात 'हार्ड टाइम्स'ने करा. प्रकरणं ३७, पण आटोपशीर. ती एप्रिल ते ऑगस्ट १८५४ मध्ये 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात आली. प्रेस्टनच्या गिरणी कामगारांचा लढा तेव्हा ताजा होता, डिकन्स तिथे स्वतः जाऊन आला होता. (त्याच वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, आपली एम्प्रेस मिल आली १८७७ मध्ये.) लगोलग एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेची 'नॉर्थ अँड साउथ' घ्या. साप्ताहिकात जागा अपुरी पडल्याने तिला शेवट उरकावा लागला, १८५५ च्या पुस्तकात तिने तो वाढवला. ती पुस्तकातली संहिताच वाचा.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : व्हिक्टोरियन काळात श्रद्धा डळमळली ती डार्विनमुळे, असं उत्तरपत्रिकेत लिहावं का?

उत्तर : एवढंच लिहू नका. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ चा, पण श्रद्धेला धक्के त्याआधीच बसत होते. लायेलचं भूगर्भशास्त्र १८३०–३३ मधलं, आणि निर्दय निसर्गाने हादरलेली टेनिसनची 'इन मेमोरियम' ही दीर्घ कविता १८५० ची.