मी खरंच खडूस आहे का?

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत अकरा वर्षं कॅशियर आहे. गावात मला 'खडूस बाई' म्हणतात. परवा वर्गातल्या एका मुलानं माझ्या मुलीला त्यावरून चिडवलं. घरी मी अशी नाही, पण आता मलाच वाटायला लागलंय की माझा स्वभावच तसा असावा. खातेदारही काही कमी नाहीत. सही जुळत नाही म्हणून तिसऱ्यांदा परत पाठवलं, तर एका आजोबांनी पासबुक भिरकावलं. इतकी भांडखोर कशी असतात माणसं?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, 'मलाच वाटायला लागलंय' या शब्दांपाशी मी अडले. मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. प्रश्न कोणी विचारायचे आणि उत्तरं कोणी द्यायची, हे निव्वळ योगायोगावर सोडलं. विचारणाऱ्यानं स्वतःला ठाऊक असलेले दहा अवघड प्रश्न काढायचे होते. समोरचा अडखळणारच! नंतर विचारलं, दोघांत जास्त ज्ञान कुणाला? बघणाऱ्यांनी विचारणाऱ्याकडे बोट दाखवलं. उत्तरं देणाऱ्यांनीही स्वतःलाच कमी लेखलं.

हा प्रयोग मी सांगलीत वर्षानुवर्षं शिकवला आणि तोंडी परीक्षेला बसले की विसरले. टेबलाच्या अलीकडे मी, प्रश्न माझे, पलीकडे घामाघूम झालेली पोरं. एका मुलीला काहीच येईना, तेव्हा म्हटलं, 'बरं, तू मला विचार.' तिनं द्राक्षबागेचं विचारलं : छाटणी, पेस्ट, डिपिंग. मला एकही उत्तर आलं नाही. तोवर किती जणींच्या नावापुढे मी 'तयारी कच्ची' लिहिलं असेल, याचं आजही वाईट वाटतं.

तुमची काचेमागची खुर्ची तशीच आहे. नियम दुसरे ठरवतात, 'नाही' तुमच्या तोंडून जातं. खातेदार तुम्हाला पाहतात ते फक्त तिथेच, म्हणून खुर्चीचा स्वभाव तुमच्या नावावर जमा होतो. अकरा वर्षं तेच ऐकल्यावर तुम्हालाही ते खरं वाटू लागलं.

पण आजोबांनाही तुम्ही काचेपलीकडेच पाहिलंत ना? थरथरत्या हाताची सही जुन्या नमुन्याशी कशी जुळणार? त्यात तीन हेलपाटे. त्यांना भांडखोर ठरवताना तुम्ही तेच केलंत, जे गाव तुमच्या बाबतीत करतंय.

वागण्याचं कारण स्वभावातच शोधणारी ही नजर जन्मजात नसते. मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हैसूरच्या आणि शिकागोच्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्यामागची कारणं विचारली होती. शिकागोची मोठी माणसं स्वभावाला जास्त धरत, म्हैसूरची परिस्थितीला. आठ वर्षांच्या मुलांत मात्र हा फरक जवळजवळ नव्हता. मला या अभ्यासाचा फार आधार वाटतो, कारण शिकलेली नजर बदलताही येते.

'हसून बोला' असं मी सांगणार नाही. दिवसभर नोटा मोजणाऱ्या बाईला ते सांगणं अन्यायाचं आहे. 'नाही' म्हणताना कारण सांगा, आणि पुढे काय करायचं तेही. मुलीला तुमचं काम समजावून सांगा. आणि ते आजोबा पुन्हा आले, की काचेबाहेर या, त्यांना खुर्ची द्या आणि व्यवस्थापकांना विचारून त्यांची नवी नमुना सही करून घ्या.