वडिलांच्या पश्चात पीएम किसानचा हप्ता आईला मिळेल का, आणि तिचे हक्कसोडपत्र करून घ्यावे का?

भाऊ आईकडून हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला तिचा हिस्सा इतर वारसांसाठी सोडल्याचा दस्त, करून घेऊ पाहतो आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर आलेल्यांना पीएम किसानचा लाभ मिळत नाही, परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने नाव लागले असेल तर ही अट आड येत नाही. मात्र आईचे नाव सातबाऱ्यावर असलेच पाहिजे, आणि आपला भाऊ तर नेमके तेच काढायला निघाला आहे.

आमच्याकडेही हेच घडले. वडिलांच्या तेराव्यानंतर पुण्यात नोकरी करणाऱ्या थोरल्या बंधूंनी हक्कसोडपत्राचा मसुदा बाहेर काढला. आईचे वय झाले आहे, पुढे पुन्हा वारसनोंदीची कटकट नको, तेव्हा आई आणि बहीण दोघींच्या सह्या आताच घेऊन टाकू, असे त्यांचे म्हणणे होते. बहीण बिचारी सही करायला तयारही झाली. मी एवढेच विचारले की बंधू प्राप्तिकर भरतात आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, म्हणजे आम्ही दोघेही या योजनेतून वगळलेले. मग पेरणीपासून मजुरांच्या हिशेबापर्यंत सगळी शेती जी बाई पाहते, तिचेच नाव उताऱ्यावरून काढून आपण काय मिळवणार? केंद्राचे वर्षाला 6,000 आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी 6,000, एवढ्यासाठी भावाभावांत वाद कशाला, असे बंधू म्हणाले. पगारदार माणसाला बारा हजार किरकोळ वाटतात. आईला मात्र त्या पैशांत मुलांपुढे हात न पसरता खुरपणीची मजुरी भागवता येते आणि खताच्या गोण्या आणता येतात.

मी मसुद्यावर सही केली नाही आणि आईलाही करू दिली नाही. वारसनोंदीचा अर्ज दिला, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली, कोणी हरकत घेतली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, प्रमाणित केला. त्या फेरफाराची प्रत जोडून आईची नवी नोंदणी केली. ई-केवायसी, आधार जोडलेले बँक खाते आणि शेतकरी ओळख क्रमांक हे सोपस्कार आपल्याला ठाऊक असतीलच. आता हप्ता तिच्या खात्यात येतो, आणि बंधू अजूनही दिवाळीला त्या मसुद्याची आठवण काढतात.

माझे मत स्पष्ट आहे. हा पैसा कसणाऱ्याला नव्हे, उताऱ्यावरच्या नावाला मिळतो. बटाईने राबणाऱ्याला एक रुपयाही मिळत नाही, हा या योजनेतला मोठा अन्याय आहे. जी आई कसतेही आणि कायद्याने वारसही आहे, तिला कुटुंबानेच त्यातून बाहेर काढण्याचे मात्र काहीच कारण नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिचा हिस्सा मुलामुलींच्या बरोबरीचा आहे.

अर्थात वडील हयात असताना वाटणीपत्राने किंवा बक्षीसपत्राने 1 फेब्रुवारी 2019 नंतर नाव लागले असेल, तर वारसाची सवलत लागू होत नाही. वडिलांच्या खात्यात त्यांच्या निधनानंतर एखादा हप्ता जमा झाला असेल तर तो काढू नका, कारण त्याची वसुली होऊ शकते. आईच्या पश्चात पुन्हा वारसनोंद करावी लागेल, हे आमच्या बंधूंचे म्हणणे खरे आहे. पण तो एका अर्जाचा प्रश्न आहे आणि तो अर्ज त्यांना पुण्यात बसून ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरही करता येईल.