गुरुबाणीत ‘बीठल’ येतो तेव्हा तो कोण असतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नांदेडला हुजूर साहिबच्या कीर्तनात तुम्ही राम, गोविंद, मुरारी ही नावं ऐकलीत. ‘करी क्रिपा दइआल बीठुलै’ ही ओळ कानावर पडली तेव्हा अंगावर काटा आला, आणि हा नामदेवांचाच अभंग असणार असं तुम्ही धरून चाललात. बरोबरचे शीख स्नेही म्हणाले, ‘हे तुमचे देव नव्हेत, ही निराकाराची नावं.’ घरी काका म्हणाले, ‘बघ, सगळं आपलंच आहे.’ आता खरं कोणाचं?

तुमच्या स्नेह्यांचं म्हणणं मूळ ग्रंथाच्या, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबच्या, जास्त जवळ जातं. पण त्यांनी ते एका वाक्यात संपवलं, आणि एका वाक्यात हा विषय मावत नाही. मी नांदेडचाच. गुरमुखी वाचायला शिकलो ते एका वयस्कर ग्रंथींकडे (गुरुद्वारात ग्रंथ वाचणाऱ्यांकडे), रोज संध्याकाळी तासभर. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: ‘नाव दिसलं की थांबू नकोस. त्या ओळीत तो काय करतोय ते बघ.’ पुढे जे लिहितोय ते सगळं याच सूचनेच्या आधारानं.

सुरुवात मला सगळ्यात स्वच्छ वाटणाऱ्या जागेपासून करतो. अंग ११३६ (ग्रंथाच्या पानाला आदरानं ‘अंग’ म्हणतात, एकूण १४३०), राग भैरउ, पाचवे गुरू अर्जनदेव यांचा शब्द (गुरुबाणीतल्या पदाला ‘शब्द’ म्हणतात). विषय जन्माष्टमी. गुरू म्हणतात, बाकीच्या सगळ्या तिथी तुम्ही बाजूला सारल्या आणि अष्टमीला गोविंद जन्मला म्हणता. लगेच पुढची ओळ: ‘भरमि भूले नर करत कचराइण। जनम मरण ते रहत नाराइण॥’ भ्रमात पडलेली माणसं कच्चं बोलतात, नारायण तर जन्ममरणापलीकडचा आहे. मग पंजिरीचा उल्लेख येतो. आपल्याकडे जन्माला सुंठवडा करतात तशी तिकडे पंजिरी, ती करून मूर्तीला लपवून भरवता, असं ते म्हणतात. आणि शेवटाकडे फार कडक ओळ आहे: ‘सो मुखु जलउ जितु कहहि ठाकुरु जोनी॥’ ठाकूर योनीत येतो असं म्हणणारं तोंड जळो.

आता यातली नावं बघा. गोविंद, नारायण, ठाकूर ही तिन्ही वैष्णवांच्या घरातली. गुरूंनी कृष्णजन्माची समजूत खोडून काढली, पण त्यासाठी वेगळं नाव शोधलं नाही. ‘नारायण जन्मत नाही’ असंच म्हटलं. नाव ठेवलं आणि त्या नावामागची कथा काढून घेतली. ग्रंथाच्या आरंभी मूलमंत्रात ‘अजूनी’ हा शब्द आहे, म्हणजे योनीत न येणारा. ते पहिल्या पानावरचं माप इथं नारायणाला लावलंय.

हे झालं एक वळण. दुसरं वळण वेगळं आहे, आणि गोंधळ होतो तो तिथं. तिथं राम, ब्रह्मा, शिव ही खरोखर पुराणातली पात्रंच असतात, पण निर्मात्याच्या हाताखालची. जपुजीत, म्हणजे ग्रंथाच्या आरंभीच्या गुरू नानकांच्या रचनेत, ‘गावहि ईसरु बरमा देवी’ असं आहे. ईश्वर म्हणजे शिव, ब्रह्मा आणि देवी हे सगळे त्याच्या दारात उभे राहून गातात. जपुजीतच पुढे तीन चेल्यांचं रूपक येतं. एक संसार करणारा, एक भांडारी, एक दरबार भरवणारा. तो एक त्यांना बघतो, त्यांना मात्र तो दिसत नाही. अंग १४१२ वर गुरू नानकांचा श्लोक आहे: ‘मन महि झूरै रामचंदु सीता लछमण जोगु॥’ झूरै म्हणजे आपलं झुरणंच, भाषांतराची गरज नाही. रामचंद्र सीता-लक्ष्मणासाठी मनात झुरतोय. श्लोकाच्या शेवटी नानक ज्याच्याबद्दल बोलतात तो ‘वेपरवाहु’ आहे, ज्याला कशाची ददात नाही असा. झुरणारा आणि बेपर्वा, दोघे एक कसे असतील?

एक खुलासा इथंच करतो, कारण नेटवर हे फार फिरतं. काही जण सांगतात की ‘रामु’ असं उकारान्त लिहिलं की निराकार आणि ‘राम’ लिहिलं की दशरथपुत्र. हे चूक आहे. तो उकार विभक्तीचा आहे. कर्त्याच्या जागी पुल्लिंगी एकवचन आलं की उकार लागतो. ज्ञानेश्वरीतलं ‘निवृत्तिदासु’ आठवा, तीच जुनी सवय. अंग ९५३ वर ‘रोवै रामु निकाला भइआ’ आहे, वनवासाला निघालेला राम रडतोय, आणि तिथंही ‘रामु’ उकारासकटच आहे. तेव्हा अक्षरावरून निर्णय होत नाही, ओळीच्या अर्थावरूनच करावा लागतो.

शिवाय ‘रहाउ’ शोधा. शब्दात ज्या ओळीपुढे ‘रहाउ’ लिहिलेलं असतं ती टेक, आपल्या अभंगाच्या ध्रुपदासारखी. अख्ख्या शब्दाचा गाभा बहुतेक वेळा तिथं असतो. बाकीच्या ओळी तिच्या उजेडात वाचायच्या.

ग्रंथानं स्वतःच या नावांबद्दल काही सांगितलंय का? सांगितलंय, आणि मला हा सगळ्या चर्चेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. अंग १०८२-८३, राग मारू, गुरू अर्जनदेवांचा सोलहा (सोळा कडव्यांच्या धाटणीचं लांब पद). नावांची नुसती माळच आहे: अच्युत, मधुसूदन, दामोदर, ऋषिकेश, गोवर्धनधारी, मुरली मनोहर, माधव, कृष्ण मुरारी, नरसिंह, वामन, चक्रपाणी. विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या आपल्या आजीला यातलं एकही नाव परकं वाटणार नाही. पण मधेच एक ओळ येते, ‘स्री रामचंद जिसु रूपु न रेखिआ’, म्हणजे ज्याला रूप नाही, रेषा नाही असा श्रीरामचंद्र. आणि शेवटाकडे हे येतं: ‘किरतम नाम कथे तेरे जिहबा। सति नामु तेरा परा पूरबला॥’ जीभ जी नावं घेते ती ‘किरतम’, म्हणजे कृत्रिम, तुझ्या करणीवरून पाडलेली. ‘सति’ हे तुझं आदिम नाव. गोवर्धन उचलला म्हणून गोवर्धनधारी, मधूला मारला म्हणून मधुसूदन. ही नावं टाकाऊ आहेत असं गुरू म्हणत नाहीत, स्वतः प्रेमानं गातातच. फक्त त्यांची जागा दाखवून देतात. आणि याच्या लगेच पुढचा सोलहा सुरू होतो तो ‘अलह अगम खुदाई बंदे’ असा. पान उलटायच्या आत मुरारीवरून अल्लाहवर. काका म्हणतात तसं ‘सगळं आपलंच’ म्हणायचं असेल, तर मग शेजारच्या मोमिनालाही तेच म्हणायचा तेवढाच हक्क आहे.

आता नामदेव. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ (आजच्या गुरू ग्रंथ साहिबचं मूळ रूप) सिद्ध केला त्यात नामदेवांचे ६१ शब्द घेतले. मराठी माणसानं इथं सावकाश वाचावं, कारण ही भाषा आपल्या कानाला लगेच ओळखू येते. अंग ४८५, राग आसा: ‘आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ। बइआलीस लख जी जल महि होते बीठलु भैला काइ करउ॥’ घडा आणला, पाणी भरलं, म्हटलं देवाला आंघोळ घालावी. तर पाण्यात आधीच बेचाळीस लाख जीव, त्यांच्यात विठ्ठल आहेच, मग मी काय करू? पुढे फुलं आणून माळ ओवली, तर भुंग्यानं वास आधीच घेतलेला. दूध आणून खीर रांधली, तर ‘पहिले दूधु बिटारिओ बछरै’. या शब्दाशी मी पहिल्यांदा आलो तेव्हा ग्रंथीजी अर्थ सांगत होते, ‘वासरानं जूठा केला.’ मी म्हटलं, ‘आम्ही विटाळला म्हणतो.’ त्यांनी पोथीवरचं बोट तसंच ठेवलं आणि मला तो शब्द तीनदा उच्चारायला लावला. त्यांनी जन्मभर वाचलेल्या ओळीत त्यांना त्या दिवशी पंढरपूर ऐकू आलं, असं ते म्हणाले.

या शब्दातला विठ्ठल विटेवर उभा नाही. तो पाण्यातल्या जिवात आहे, भुंग्यात आहे, वासरात आहे. ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही’ हीसुद्धा त्याच अंगावरची ओळ. इथं विठ्ठल, तिथं विठ्ठल. नाव पंढरीचं, पण अर्थ पंढरीच्या वेशीत मावत नाही. वारकऱ्याला हे परकं वाटू नये.

आणखी एक जोडी दाखवतो. अंग ८७४, राग गोंड. एका शब्दात नामदेव म्हणतात, ‘हउ तउ एकु रमईआ लैहउ। आन देव बदलावनि दैहउ॥’ मी एक रमैयाच घेईन, बाकीचे देव बदल्यात देऊन टाकीन. त्याच्या लगेच पुढचा शब्द ‘आजु नामे बीठलु देखिआ’ असा सुरू होतो, आणि त्यात पांडेजींना ऐकवलंय: तुमचा महादेव पांढऱ्या बैलावर बसून येताना पाहिला, तुमचा रामचंद्रही पाहिला, रावणाशी झुंजला आणि घरची बायको गमावून बसला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते बोचलं होतं. मग ‘तुमरा’ या शब्दावर नजर गेली. पांडे तुमरा महादेउ, पांडे तुमरा रामचंदु. रमैया ‘माझा’, रामचंद ‘तुमचा’. तुमच्या कथेत अडकलेला तो, असा त्याचा अर्थ. शेवट ‘नामे सोई सेविआ जह देहुरा न मसीति’. जिथं देऊळही नाही आणि मशीदही नाही, त्याला नाम्यानं भजलं.

पण सगळ्या ओळी इतक्या सरळ पडत नाहीत, तेही सांगायला हवं. अंग ९८८ वर नामदेवांचीच ओळ आहे, ‘धनि धनि तू माता देवकी। जिह ग्रिह रमईआ कवलापती॥’ बासरी आहे, कृष्णाची कांबळी आहे, देवकीचा धन्यवाद आहे. ग्रंथाच्या शेवटाकडच्या, भट्ट म्हणजे स्तुतिकवींच्या सवैया छंदातल्या पदांत (अंग १४०२) तर ‘वाहिगुरू वाहिगुरू वाहिगुरू वाहि जीउ’ म्हणताना कमलनयन येतो आणि यशोदा त्याला दहीभात खायला बोलावते: ‘कहत मा जसोद जिसहि दही भातु खाहि जीउ’. ती स्तुती आहे गुरू रामदासांची. आज शीख ज्या नावानं देवाला हाक मारतात ते नाव आणि यशोदेचा दहीभात एकाच कडव्यात. यातून सगुण कृष्ण पिळून काढायचा अट्टहास मला पटत नाही. तसंच, या दोन जागा दाखवून अख्खा ग्रंथ कृष्णभक्तीचा ठरवणंही पटत नाही. ज्या गुरू अर्जनदेवांनी ‘सो मुखु जलउ’ लिहिलं, त्यांनीच देवकीची ओळ ग्रंथात घेतली. दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. म्हणून दोन्ही एकत्र वाचाव्यात, आणि प्रेमाचा सूर गोड वाटला तर वाटू द्यावा.

तुमच्या स्नेह्यांचा आवाज जरा चढला असं तुम्ही लिहिलंय. त्यालाही इतिहास आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात काशीत शिकलेल्या निर्मळे या शीख पंथातल्या पंडितांनी गुरुबाणीवर वेदान्ताच्या अंगानं टीका लिहिल्या. १८७३ मध्ये अमृतसरला सिंह सभा उभी राहिली ती आपली वेगळी ओळख जपण्यासाठी, आणि १९०५ मध्ये हरिमंदिर साहिबच्या (सुवर्णमंदिराच्या) परिक्रमेतून मूर्ती हलवल्या गेल्या. तेव्हापासून ‘हे तर आमचेच’ हे वाक्य शीख घरात प्रेमाचं म्हणून ऐकलं जात नाही, गिळंकृत करणारं म्हणून ऐकलं जातं. काकांच्या मनात तसं काही नसेल, पण ऐकणाऱ्याला ते असंच लागतं.

अरदास या शिखांच्या प्रार्थनेतल्या ‘प्रथम भगौती सिमरि कै’ बद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. ती ओळ गुरू ग्रंथ साहिबमधली नाही, दशम ग्रंथ या दुसऱ्या ग्रंथातल्या चंडीच्या वारेतली (वीरकाव्यातली) आहे. त्याच वारेत पुढे ‘लई भगउती दुरगसाह’ आहे, दुर्गा भगौती हातात घेते, म्हणजे तिथं भगौती तलवारच. अरदासमध्ये तिचा अर्थ अकालाची (कालातीत ईश्वराची) शक्ती असा लावतात. उलट गुरू अर्जनदेवांच्या सुखमनी या रचनेत भगउती म्हणजे भगवंताचा भक्त. एकच शब्द, तीन ठिकाणी तीन अर्थ.

राहिली तुमची ओळ. ‘करी क्रिपा दइआल बीठुलै’ नामदेवांची नाही, गुरू अर्जनदेवांची आहे. अंग २०५, राग गउडी. गुरू सगळेच ‘नानक’ अशी मुद्रा वापरतात, म्हणून शब्दाच्या वर ‘महला ५’ लिहिलेलं बघायचं, म्हणजे पाचवे गुरू. तुम्ही ऐकलीत ती ओळ रहाउची आहे: दयाळू विठ्ठलानं कृपा केली आणि सद्गुरूनं मला दाखवलं. काय दाखवलं, तर ‘जत कत देखउ तत तत तुम ही’, जिकडे बघावं तिकडे तूच. त्यानंतर रघुराया येतो, ‘जउ सुनतो है रघुराइओ’, तो सगळं ऐकतोच आहे तर विनवणी आणखी कोणाकडे करू? आणि शेवटच्या कडव्यात सोनं येतं, ‘एकै कनिक अनिक भाति साजी’, एकाच सोन्याचे नाना दागिने. पंजाबात जन्मलेल्या माणसानं ‘बीठुलै’ म्हटलंय, तेही स्वतःच्या नावच्या शब्दात. पुढच्या वेळी गेलात की त्या रागी भाईंना (कीर्तन गाणाऱ्यांना) अख्खा शब्द गायची विनंती करा आणि रघुरायापाशी कान देऊन ऐका.