घोटा, टाच आणि सर्जनची तालीम : प्रश्नोत्तरे

पाऊल आणि घोट्याच्या फ्रॅक्चरविषयी आलेल्या प्रश्नांत या वेळी नातेवाइकांसोबत तरुण डॉक्टरही आहेत. डॉक्टरांसाठीची उत्तरं इतरांनी वाचायला हरकत नाही. आपल्या पायावर काय होणार आहे ते कळतं.

प्रश्न : मी अंबाजोगाईला एम.एस. ऑर्थोच्या तिसऱ्या वर्षाला आहे. साधे घोटे हातानं केले आहेत, पण टाच, टॅलस (टाचेच्या वरचं, घोट्याच्या सांध्यातलं हाड), पायलॉन (नडगीच्या हाडाचं सांध्यातलं खालचं टोक) सिनियरच करतात. पुढं फूट-अँकलचं प्रशिक्षण घ्यावं का? त्यात नेमकं काय शिकवतात?

घ्या, पण आधी साध्या घोट्यावर हात बसू द्या. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले आणि ‘एओ’ गट उभा राहिला. हाड कसं जुळवायचं आणि कसं घट्ट धरायचं याची आपण आज पाळतो ती बरीचशी शिस्त तिथली. 1960 पासून दावोसला त्यांचे कोर्स सुरू झाले. आधी मूलतत्त्वं, मग प्रगत आणि त्यानंतर फूट-अँकलसारखे खास विषय, असा तिथला क्रम. मधली पायरी गाळून थेट शेवटच्या कोर्सला जाऊन बसणारेही असतात. त्यांचे फोटो छान येतात.

प्रगत प्रशिक्षणात खरी किंमत मृतदेहावरच्या कामाची. प्लॅस्टिकच्या हाडावर प्लेट कुणीही बसवतो, कारण तिथं कातडी नसते, आणि पायात तर सगळं कातडीच ठरवते. टाचेच्या बाहेरच्या बाजूचा ‘एल’ आकाराचा छेदच बघा. सुरी एका दमात हाडापर्यंत जायला हवी. कातडी आणि हाडावरचं आवरण एकाच जाड पदरात उचलायचं. तो पदर चिमट्यानं धरायचा नाही. टॅलसमध्ये दोन-तीन के-वायर (पोलादी बारीक तारा) रोवायच्या, वाकवायच्या आणि पदर त्यांच्या आधारानं बाजूला ठेवायचा. सारखा कोपरा ओढत राहिलात तर काही दिवसांनी नेमका तोच कोपरा काळा पडतो. छेदाच्या दोन्ही टोकांपाशी सुरल नर्व्ह (पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना नेणारी नस) असते, ती जपणं वेगळंच. दुसरं कसब आतल्या बाजूचं. सस्टेंटॅक्युलमचा (टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या कंगोऱ्याचा) तुकडा बहुधा जागेवर असतो आणि बाहेरून टाकलेले स्क्रू त्यातच पकडायचे असतात. डाव्या हाताचं बोट आतल्या घोट्याखाली ठेवून उजव्या हातानं ड्रिलची दिशा साधणं वाचून येत नाही.

मृतदेहावर काम करताना घोट्याच्या बाहेरच्या छेदाचं वरचं टोकही उघडून बघा. घोट्याच्या टोकापासून साधारण 10 ते 12 सेंटिमीटरवर सुपरफिशियल पेरोनियल नर्व्ह (पावलाच्या वरच्या बाजूची संवेदना नेणारी नस) स्नायूंवरचं आवरण फोडून वर येते. पण प्रत्येक पायात जागा थोडी वेगळी, म्हणून दोन-चार पायांत ती स्वतः शोधा.

फेलोशिप (एम.एस.नंतरचं खास प्रशिक्षण) काही आठवड्यांच्या निरीक्षणापासून वर्षभरापर्यंतच्या असतात. अर्ज करण्यापूर्वी तिथं आधी राहून आलेल्यांना विचारा : स्वतःच्या हातानं किती करायला मिळालं? आणि ओपीडीत जुने रुग्ण बसून बघायला मिळाले का? मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. ऑपरेशन थिएटरमधला सुंदर एक्सरे आणि सहा महिन्यांनी लंगडत आत येणारा माणूस, दोन्ही बघितल्याशिवाय हात केव्हा आवरायचा ते कळत नाही. केसेसची चिंता करू नका. दुचाक्या, विहिरी, उसाच्या ट्रॉल्या यांच्यामुळं आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत त्या रोज येतात.

प्रश्न : वडील (वय 58) विहिरीत उतरताना पडले, टाचेचा चुरा झाला. डॉक्टरांनी आठ दिवस झाले नुसतं पाय उंच करून झोपवलंय. भावकी म्हणते हयगय चाललीय, पुण्याला हलवा. काय करावं? (बीड जिल्हा)

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही हयगय वाटत नाही. उंचावरून टाचेवर आपटलं की ते हाड पायाखाली अंडं फुटावं तसं फुटतं आणि कातडी सुजून ताठ होते. त्या सुजेत मोठा छेद घेतला तर जखम भरत नाही, पू होतो, कधी आतली प्लेट उघडी पडते. म्हणून कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात. त्याला सहसा 10 ते 14 दिवस लागतात. मात्र तीन आठवड्यांच्या पुढं गेलं की तुकडे चिकटू लागतात, तेव्हा तारखेकडे लक्ष असू द्या. काही केसेसमध्ये लहान छेदातून काम होतं, ते थोडं लवकरही करता येतं. कातडी फाटून हाड दिसत असेल, किंवा तुटलेला तुकडा मागून कातडीला आतून टोचत असेल, तर मात्र थांबायचं नसतं.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. सीटी स्कॅन झाला का? कंबरेचा एक्सरे काढला का? टाच अशी फुटलेल्या साधारण दहातल्या एकाचा मणकाही दबलेला असतो आणि पायाच्या कळेत कंबर झाकली जाते. आणि तिसरं, ऑपरेशन खरंच लागणार आहे का? 2014 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत, फार विद्रूप न झालेल्या बंद फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशन केलेले आणि न केलेले रुग्ण दोन वर्षांनी जवळपास सारखेच होते. जखमेचा त्रास ऑपरेशनवाल्यांना जास्त झाला. म्हणून चांगल्या सर्जननं ‘नको’ म्हटलं तर त्याला येत नाही असं समजू नका.

वडील तंबाखू, गुटखा किंवा बिडी घेत असतील तर आजपासून बंद. डबा गादीखाली सापडतो, तिथंही बघा. साखर तपासून घ्या. लेप, पाला, चोळणं काही नको.

प्रश्न : तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस आहे. सिंडेस्मोसिसचा (घोट्यावर नडगीचं हाड आणि फिब्युला यांना बांधणाऱ्या जोडाचा) स्क्रू सगळ्यांचाच काढावा का? आणि मागच्या मॅलिओलसचा (नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या मागच्या कडेचा) तुकडा सांध्याच्या पृष्ठभागाच्या 25 टक्क्यांहून लहान असेल तर सोडून द्यावा का? (परभणी जिल्हा)

सरसकट काढायची गरज नाही. सैल झालेला किंवा तुटलेलाही पुष्कळदा त्रास देत नाही. दुखत असेल, टोचत असेल तर काढा. स्क्रू राहिला की गेला यापेक्षा फिब्युला (नडगीच्या बाहेरचं बारीक हाड) आपल्या खाचेत नीट बसली का, हा मोठा प्रश्न. तिची लांबी कमी राहिली किंवा ती फिरली तर साधा एक्सरे फसवतो. शंका आली की दोन्ही घोट्यांचा सीटी करा. रॅम्से आणि हॅमिल्टन या संशोधकांनी 1976 साली दाखवलं होतं की टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातला संपर्क सरासरी 42 टक्क्यांनी घटतो.

25 टक्क्यांचा नियम आता विसरलेला बरा. बाजूच्या एक्सरेवर त्या तुकड्याचा आकार धड मोजताच येत नाही, आणि मागचं लिगामेंट त्यालाच बांधलेलं असतं. तो नीट बसवला की सिंडेस्मोसिस बरंचसं आपोआप घट्ट होतं. रुग्णाला पालथं घालून, पेरोनियल आणि अंगठ्याच्या लांब स्नायूच्या मधून जायची वाट सरावाची नसेल तर ती आधी मृतदेहावरच्या लॅबमध्ये चाला. तोवर एक्स्टर्नल फिक्सेटर (हाड बाहेरून धरून ठेवणारी सळ्यांची चौकट) लावून छत्रपती संभाजीनगरला किंवा लातूरला पाठवलं तर त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : मुलीचा पाय कबड्डीत मुरगळला. एक्सरे नॉर्मल आला, पण चार दिवस झाले, उभं राहवत नाही. (हिंगोली)

तळपायावर निळा-काळा डाग आहे का बघा. असेल, किंवा पावलाच्या मध्यावर दाबल्यावर कळ येत असेल, तर लिसफ्रँक सांध्याला (पावलाच्या मध्यावरच्या सांध्याला) मार असू शकतो. तो पहिल्या एक्सरेत पुष्कळदा निसटतो. पायावर भार देऊन दोन्ही पावलांचा एक्सरे किंवा सीटी करून घ्या. तोवर मुलीनं त्या पायावर भार द्यायचा नाही.

प्रश्न : आईनं देहदानाची इच्छा लिहून ठेवली आहे. अशा देहावर सर्जन शिकतात का? (नांदेड)

शिकतात, पण सगळीकडे नाही. देहदान मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे होतं, त्याला 1949 च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याचा आधार आहे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला देह ताठरतो. तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चालतो, सर्जनला मऊ ऊती लागतात. त्यासाठी देह गोठवून ठेवतात किंवा ऑस्ट्रियातल्या थील यांच्या पद्धतीनं जतन करतात. आपल्या कॉलेजात काय सोय आहे ते विभागात जाऊन विचारा.

नोंदणी झाली असली तरी ऐनवेळी जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. पोस्टमार्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान आधी करता येतं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागेल, आणि विभागाचा फोन नंबर घरातल्या एकाकडेच न ठेवता सगळ्यांकडे देऊन ठेवा.